विषय: वडिलांचं .३२ पिस्तूल साफ करून जोडताना स्लाइड बसत नाही

प्रेषक: उदगीरकर, न्यू जर्सी

मंडळी, नमस्कार.

आमचे दादा, म्हणजे वडील, उदगीरला असतात, वय सत्तरीच्या पुढं. शेतावरच्या घरात राहतात, म्हणून आजोबांच्या वेळचं वाल्थर पीपी, .३२ बोअरचं, रीतसर परवान्यावर त्यांच्या नावावर आहे. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. निकाल लागल्यावर परत मिळतं, पण तोवर तेल सुकून जातं आणि खाचांत धूळ बसते. या खेपेला परत आल्यावर दादांनी ते स्वतः उघडून पुसलं. उघडलं सहज, आता जुळेना. स्लाइड, म्हणजे वरचा मागं-पुढं सरकणारा भाग, नळीवर चढते, थोडी मागं जाते आणि अडते. जोर लावून पाहू का, म्हणत होते. मी नको म्हणालो. गावातला लेथवाला ओळखीचा आहे, त्याला दाखवावं का? आपल्यात फौजेतून निवृत्त झालेले काका आहेत, त्यांनी सांगावं.

प्रेषक: सेलूकर काका, सेलू, जि. परभणी

उदगीरकर, जोर लावू दिला नाही हे फार चांगलं केलं. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्र-दुरुस्तीच्या शाखेत, आर्मरर होतो, सगळी नोकरी हत्यारं खोलण्या-जोडण्यात गेली. चांगलं हत्यार जोडताना अडलं तर समजावं की एखादा भाग आपल्या जागेवर नाही. तो भाग शोधायचा. हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर यांचं तिथं काहीच काम नाही.

लेथवाल्याचं आधी सांगतो. त्याच्याकडं अजिबात नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं हत्यार दुरुस्त करायलासुद्धा वेगळा परवाना लागतो. लेथवाल्याकडं तो नसणार. तो बिचारा ओळखीपायी हात लावील आणि दादांबरोबर तोही अडचणीत येईल. शिवाय तो स्लाइडच्या खाचेवर कानस फिरवून 'बसवून' देतो. तशी घासलेली हत्यारं मी पाहिलीत, ती पुन्हा नीट होत नाहीत.

आता पीपीची गोष्ट. त्याची नळी फ्रेमला कायमची बसवलेली असते आणि स्प्रिंग थेट नळीवरच चढते. उघडताना ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, पुढच्या बाजूनं खाली ओढायचा, स्लाइड पूर्ण मागं घ्यायची, मागची बाजू वर उचलायची आणि पुढं काढून घ्यायची. जोडताना हेच उलट. ऐकायला सोपं आहे, पण दोन जागी माणूस हमखास अडतो.

पहिली जागा ट्रिगर गार्ड. तो खाली ओढून जरा बाजूला, फ्रेमच्या कडेला टेकवून ठेवावा लागतो. हात सुटला की स्प्रिंगच्या जोरानं टक्कन वर जातो. वर गेला की त्याचा आतला टप्पा स्लाइडच्या वाटेत येतो आणि स्लाइड पूर्ण मागं जातच नाही. दादांची स्लाइड थोडी मागं जाऊन अडते म्हणता, तर माझा पहिला संशय यावरच आहे. एका हातानं धरायला जमत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला हात लावायला सांगू नका. परवाना दादांच्या नावावर आहे, काम त्यांनीच करावं, सावकाश.

दुसरी जागा स्प्रिंग. तिची दोन्ही तोंडं सारखी नसतात, एक जरा निमुळतं असतं. निमुळतं तोंड आधी नळीवर घालायचं, म्हणजे ते चेंबरकडं, नळीत गोळी बसते त्या जागेकडं, जातं. बोटानं फिरवून पाहिलं की फरक लगेच कळतो. उलटी घातली तर स्लाइड कदाचित चढेलही, पण मागं-पुढं होताना अडखळते.

स्लाइड चढवताना सेफ्टी 'फायर'वर, म्हणजे खटका वर, आणि हॅमर, म्हणजे मागचा ठोका देणारा घोडा, मागं असू द्यावा. नळीचं टोक स्लाइडच्या पुढच्या भोकात गेलं, स्प्रिंग आत सरळ बसली, की स्लाइड पूर्ण मागं दाबायची आणि तिथंच मागची बाजू खाली टेकवायची. दोन्ही खाचा फ्रेमच्या कडांवर आल्या की स्लाइड आपोआप पुढं येते. एकच बाजू बसली असेल तर स्लाइड तिरकी दिसते. तेव्हा ढकलू नका, परत वर उचला.

हे सगळं करण्याआधी मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यानं पाहून आणि करंगळीनं चाचपून रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. पीपीच्या हॅमरच्या वर एक बारीक पिन असते, चेंबरमध्ये गोळी असली की ती बाहेर डोकावते. तिच्यावर विसंबू नका. जुन्या हत्यारात मळ साचला की ती अडकते.

प्रेषक: नांदेडकर ताई, ह्यूस्टन

काका, तुमचं पत्र जपून ठेवते आहे. इथं मी नेमबाजीच्या रेंजवर .२२ चं रूगर मार्क थ्री वापरते. ते जोडताना अगदी असाच वैताग येतो. मागच्या दांडीसारख्या भागात हॅमरची काडी नेमक्या खळग्यात पडावी लागते. त्यासाठी पिस्तूल योग्य कोनात कलतं धरून ट्रिगर दाबावा लागतो. आणि गंमत म्हणजे रिकामं मॅगझिन आत घातल्याशिवाय ट्रिगर हॅमरला सोडतच नाही. हे माहीत नसलं की माणूस बराच वेळ नुसता झटत बसतो. २०१६ ला मार्क फोर आलं, त्यात एका बटणानं पिस्तूल उघडतं. त्या कंपनीनंच एवढा बदल केला यावरून जुन्याचा त्रास किती खरा होता ते कळतं.

उदगीरकर, दादांना व्हिडिओ कॉलवर धीर द्या, पण दादा काम करत असताना बोलत राहू नका. लक्ष विचलित होतं.

प्रेषक: सेलूकर काका

ताई, बरोबर. आपल्या फौजेतल्या ९ एमएम पिस्तुलातही तसंच, मॅगझिनशिवाय ट्रिगरनं हॅमर पडत नाही. रंगरूट घाबरून यायचे, 'उस्ताद, बिघडलं.' मॅगझिन घाल म्हटलं की चालू.

प्रेषक: उदगीरकर

काका, काम झालं! ट्रिगर गार्डच होता. शिवाय स्प्रिंगही उलटी निघाली. दादांनी गार्ड बाजूला टेकवून ठेवला, स्प्रिंग फिरवली, आणि स्लाइड खट्कन बसली. फोनवर तो आवाज मलासुद्धा ऐकू आला. दादांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण आता एक नवीन शंका. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढली तर ती मागंच राहते, पुढं येत नाही. परत काही चुकलं का?

प्रेषक: सेलूकर काका

काही चुकलं नाही. शेवटची गोळी संपली हे सांगायला ती तशीच थांबते. पीपीला बाहेरून सोडायचा खटका नसतो. मॅगझिन काढा, स्लाइड थोडी मागं ओढा आणि सोडा.

पण अजून कपाटात ठेवू नका. जुळलं म्हणजे चालू झालं असं नाही. रिकामं असल्याची पुन्हा खात्री करून, तोंड बाहेरच्या पक्क्या भिंतीकडं किंवा मातीकडं ठेवून तीन गोष्टी पाहायच्या. हॅमर मागं करून ट्रिगर दाबला की हॅमर पडला पाहिजे. ट्रिगर दाबूनच ठेवायचा, स्लाइड मागं-पुढं करायची, तेव्हा हॅमर मागंच राहिला पाहिजे. मग ट्रिगर सोडून परत दाबला की पडला पाहिजे. तिसरी गोष्ट सेफ्टीची, आणि जुन्या पीपीत ती सर्वात महत्त्वाची. हॅमर मागं असताना सेफ्टी खाली केली की हॅमर पडतो, पण फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, अडवलेली असते. झिजलेल्या हत्यारात ही अडवणूक नीट होईलच असं नाही. म्हणून ही चाचणी भरलेल्या हत्यारावर कधीच करायची नाही.

तेल अगदी थोडं. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की तिचा लगदा होतो आणि खाचा खातो. नळीतून तेलाची चिंदी फिरवायची, मग कोरडी चिंदी फिरवून जास्तीचं तेल पुसून काढायचं. स्लाइडच्या खाचांवर एकेक थेंब बास.

प्रेषक: उदगीरकर

पहिल्या दोन्ही चाचण्या बरोबर आल्या. सेफ्टी खाली केल्यावर मात्र हॅमर कधी पडतो, कधी अर्ध्यात थांबतो.

प्रेषक: सेलूकर काका

मग त्याला आता हात लावू नका. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. दादांना म्हणावं, परवान्याचं पुस्तक बरोबर घेऊन, पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडं स्वतः जा. लातुरात चौकशी करा, नाहीतर संभाजीनगरला. आणि एक विनंती, पिस्तुलाचा नंबर किंवा परवान्याचा फोटो या यादीवर टाकू नका, इथं खूप लोक आहेत. विक्रेत्यानं काय सांगितलं ते मात्र कळवा.