शब्दचर्चा : 'स्विंग', 'रिफ' आणि 'लाइव्ह' यांना मराठीत काय म्हणावं?

जुनी सुई, जळगाव :
जॅझ आणि रॉकच्या रेकॉर्डिंगांबद्दल मराठीत लिहायला बसलं की दोन ओळींत गाडी अडते. 'अप्रतिम', 'सुरेल', 'भारावून टाकणारं' हे शब्द भीमसेन जोशींना चालतात, आर. डी. बर्मनना चालतात आणि माइल्स डेव्हिसलाही चालतात. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. मला तीन शब्दांवर मतं हवी आहेत.

पहिला 'स्विंग'. जॅझचा बँडमास्तर ड्यूक एलिंग्टन याने १९३१ साली गाण्याच्या नावातच सांगून टाकलं होतं की तो नसेल तर बाकी सगळं फोल. नवख्या माणसाला वाटतं, स्विंग म्हणजे नाचाची जलद चाल. त्याला काउंट बेसीच्या १९५८च्या रेकॉर्डवरचं 'लिल डार्लिन' ऐकवावं. इतकं संथ, की आता थांबतंय की काय असं वाटतं, आणि तरी पाय हलायचा राहत नाही. शब्दकोश म्हणतो झोका, हेलकावा, आंदोलन. आंदोलन तर नकोच. ते दरबारी रागातल्या डोलत्या गंधार स्वराने आधीच अडवून ठेवलंय, उरलंसुरलं कलेक्टर कचेरीबाहेर चालू असतं.

दुसरा 'रिफ', तिसरा 'लाइव्ह'. तिसऱ्यावर माझं म्हणणं नंतर मांडते, आधी तुमचं ऐकू द्या. 'इंग्रजी शब्दच वापरा' हे उत्तर मला माहीत आहे. शब्द इंग्रजी राहिला तरी चालेल, पण तो समजावून सांगायला आपल्याकडे काय आहे ते हवंय.

वांग्याचं भरीत, भुसावळ :
झोका का नको म्हणे? आपल्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोके बांधून गाणी म्हणतात. त्या झोक्यावर बसून बघा. वर गेलेला झोका क्षणभर रेंगाळतो आणि मग झपकन खाली ओढतो. गाणंही तसंच म्हटलं जातं, एक अक्षर लांबवायचं, पुढचं तोडायचं. स्विंग म्हणजे याहून वेगळं काय असतं? आमच्या घरी बेसीची रेकॉर्ड लावली तर आजी म्हणाली, "हाई काय वाजी ऱ्हायनं भो?" आणि बसल्या जागी डुलायला लागली. तिला कुणी व्याख्या सांगितली नव्हती.

ठेकेदार, अमळनेर :
भरीतभाऊ, निम्मं बरोबर आहे. लांब-आखूड हे खरंच स्विंगचं मूळ. एका मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे पडत नाहीत, पहिला मोठा आणि दुसरा छोटा. मध्यलयीत साधारण दोनास एक. म्हणजे मात्रेचे तीन तुकडे करून मधला गिळायचा, आपल्या भाषेत तिस्र जातीच्या जवळ. पण लय वाढली की हे दोन भाग सारखे होत जातात, आणि लय उतरली की पहिला आणखी लांबतो. म्हणून ते कागदावर लिहिता येत नाही. जॅझवाले नोटेशनमध्ये सरळ दोन सारखे स्वर लिहितात आणि वर 'स्विंग' एवढं लिहून मोकळे होतात.

झोक्याची अडचण अशी की त्याची लय ठरलेली असते, दोरीच्या लांबीवर. स्विंगला लयीचं बंधन नाही. तबलजींकडे याला शब्द आहे : झोल. 'ठेक्याला झोल पाहिजे' हे भजनी ठेका शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात. आठच मात्रा, बोल सगळ्यांचे तेच, पण एकाचा ठेका शाळेच्या कवायतीसारखा सरळ वाजतो आणि दुसऱ्याच्या ठेक्यावर अख्खं भजनी मंडळ हलतं. तो जो फरक आहे, तोच बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन नुसत्या गिटारवर करायचा. दर मात्रेला एक चाप, सोलो जवळजवळ कधीच नाही, आणि तरी तो नसता तर बँड बसला असता.

वांग्याचं भरीत, भुसावळ :
'या रेकॉर्डमध्ये जबरदस्त झोल आहे' असं लिहिलं तर लोक विचारतील, पैसे कुणी खाल्ले.

ठेकेदार, अमळनेर :
विचारू देत. शब्द आमचा जुना आहे, घोटाळेवाल्यांनी तो नंतर उचलला. 'झोलदार' म्हणा, गैरसमज होणार नाही.

तापीकाठ, भुसावळ :
झोलला माझं अनुमोदन. रिफसाठी 'लेहरा' सुचवतो. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियम किंवा सारंगीवाला एकच ओळ आवर्तनाला आवर्तन वाजवत राहतो, तोच लेहरा किंवा नगमा. रिफही तसाच : छोटी ओळ, पुन्हा पुन्हा. डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' घ्या. १९७१च्या डिसेंबरात माँट्रोचा कॅसिनो आगीत जळाला, रेकॉर्डिंग तिथेच व्हायचं होतं, ते शेवटी एका बंद हॉटेलात झालं आणि त्या आगीवरच गाणं बेतलं. गाण्याची कथा किती जणांना ठाऊक आहे? रिफ मात्र गिटारच्या दुकानात शिरणारा प्रत्येक पोरगा वाजवतो.

ठेकेदार, अमळनेर :
लेहरा इथे चालणार नाही, कारण लेहऱ्याचं काम वेगळं आहे. लेहरा म्हणजे तबलजीसाठी टांगलेलं घड्याळ. त्याने लक्ष वेधून घेतलं तर वाजवणारा चुकला असं धरतात. 'स्मोक ऑन द वॉटर'मध्ये ती ओळ हाच नायक आहे, गायक तिच्या हाताखाली काम करतो.

लेहरा शब्द जिथे तंतोतंत बसतो ते उदाहरण जॅझमध्ये आहे. डेव्ह ब्रुबेकच्या १९५९च्या 'टाइम आउट' या रेकॉर्डवरचं 'टेक फाइव्ह'. पाच मात्रांचा पियानोचा तुकडा सुरुवातीपासून चालू राहतो, आणि मधे जो मोरेलो ड्रम वाजवतो तेव्हा ब्रुबेक दुसरं काहीही करत नाही, तोच तुकडा धरून बसतो. तबल्याच्या मैफलीत बसलेल्या माणसाला तो सोलो समजावून सांगावा लागत नाही. मोरेलो मोकळ्या जागा सोडत जातो, आणि पाचाचं घर कुठे आहे ते पियानो सांगत राहतो. ड्रम सोलो म्हणजे धडाधडा बडवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी तो ऐकावा. एक सावधगिरी : याला झपतालाचा अर्धा तुकडा म्हणू नका. झपताल दोन-तीन चालतो, 'टेक फाइव्ह' तीन-दोन. वजन कुठे पडतं हे बदललं की चालच बदलते.

तापीकाठ, भुसावळ :
मग पिंक फ्लॉइडचं 'मनी'? सात मात्रा, बासची ओळ फिरत राहते, वर डिक पॅरीचा सॅक्सोफोन सोलो. हा लेहरा की रिफ? आणि त्याला रूपक ताल म्हणायचं का?

ठेकेदार, अमळनेर :
रूपक नाही. रूपकात पहिल्या मात्रेलाच खाली असते, डग्गा गप्प. 'मनी'त पहिली मात्रा ठोकून येते. सात आकड्यावरून ताल ठरत नाही. आणि गंमत बघा, सॅक्सोफोन साताच्या घरात वाजतो, पण गिल्मोरचा गिटार सोलो सुरू झाला की सगळे चारात जातात. माझं मत विचाराल तर तिथे गाणं सुटतं, चांगल्या अर्थाने. सातातला ताण आधी नसता तर चारातला मोकळेपणा जाणवलाच नसता.

लयकारीची आवड असेल तर लेड झेपलिनचं १९७५चं 'कश्मीर' ऐका. गिटार तीन-तीनची ओळ चढवते, ड्रम मात्र निवांत चारात. बारा मात्रांनी दोघं एकत्र येतात. आपल्याकडे याला टाळ्या पडतात, तिकडे लोक नुसती डोकी हलवतात. पण ज्या जागी हलवतात ती बरोबर असते.

क्लॅरिनेट, धुळे :
तुम्ही सगळे मैफलीतले शब्द शोधताय, जरा वरातीकडेही या. आमच्या घरात तीन पिढ्या लग्नाचा बँड आहे. बँड आणि ऑर्केस्ट्रातले लोक रिफ म्हणत नाहीत, 'पीस' म्हणतात. 'स्टार्टिंगचा पीस', 'अंतऱ्याआधीचा पीस'. मास्तरने सांगितलं, 'आधी पीस घे', की क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट तो उचलतात आणि पोरं गाण्याचा शब्द यायच्या आधी नाचायला लागतात. 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती ओळ आमच्या भाषेत पीसच. शब्द इंग्रजीतून आला खरा, पण इतका रुळलाय की आमचे सिनियर लोक त्याला मराठीच समजतात.

आणि जॅझ आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या हॉटेलांतून वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत असायचे. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आणि त्यांचं पथक पडद्यावरच वाजवताना दिसतं. ती गाणी आम्ही अजून वरातीत वाजवतो. म्हणजे पारोळा आणि शिरपूरच्या रस्त्यांवर स्विंग कधीचा येऊन गेलाय, फक्त कुणी तसं म्हटलं नाही.

जुनी सुई, जळगाव :
पीस! हा मला सुचलाच नसता. रॉकसाठी पीस, 'टेक फाइव्ह'साठी लेहरा, असं मी यापुढे लिहीन.

आता 'लाइव्ह'. मराठीत याचं 'जिवंत' होतं तेव्हा अंगावर काटा येतो, बाकीची रेकॉर्डिंगं काय मेलेली असतात? 'थेट' हा शब्द प्रक्षेपणाला ठीक आहे, पण रेकॉर्डिंग थेट कसं असेल, ते तर साठवलेलंच असतं. 'मैफलीतलं' हा शब्द मला आवडतो, पण तो सगळीकडे चालत नाही. जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्या 'शक्ती'ची पहिली रेकॉर्ड १९७५ साली अमेरिकेतल्या एका कॉलेजात श्रोत्यांसमोर वाजवलेली आहे. ती मैफल. माणसं ऐकतायत आणि वाजवणारे एकमेकांना उत्तरं देतायत हे रेकॉर्डवर कळतं. पण डीप पर्पलची 'मेड इन जपान', १९७२च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत केलेली, तिला मैफल म्हणवत नाही. तिथे हजारोंची गर्दी आहे, 'चाइल्ड इन टाइम'मध्ये इयान गिलन किंचाळतोय आणि ऑर्गन गिटारशी भांडतोय. तिच्यासाठी माझा शब्द 'जलसा'. जलशात गर्दी गृहीत असते, आवाज मोठा असतो आणि शांत बसायची सक्ती नसते. या बँडचं स्टुडिओतलं काम मला नेहमी थोडं आखडलेलं वाटतं, जलशात ते सैल होतात.

मात्र शब्द ठरवताना एक घोळ लक्षात ठेवायला हवा. एलिंग्टनचा ७ जुलै १९५६चा न्यूपोर्टचा कार्यक्रम जॅझमधला सगळ्यात गाजलेला जलसा. सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विसने ब्लूजची २७ आवर्तनं सलग वाजवली आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पण तो चुकीच्या माइकसमोर उभा होता, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या टेपवर त्याचा आवाज लांबून आल्यासारखा पडला. शिवाय बाकी काही भाग एलिंग्टनला पसंत पडले नाहीत, म्हणून बँडला नंतर स्टुडिओत नेऊन ते पुन्हा वाजवून घेतले आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या. चाळीसेक वर्षं लोक तीच रेकॉर्ड 'लाइव्ह' म्हणून ऐकत होते. ज्या माइकसमोर तो वाजवत होता तो व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा होता. त्यांची टेप नव्वदच्या दशकात सापडली, आणि १९९९ साली दोन्ही टेपा जुळवून खरा कार्यक्रम बाहेर आला. तो ऐकल्यावर जुनी रेकॉर्ड मी कपाटात मागे सरकवली.

केळीबाग, रावेर :
यादीत नसलेला एक शब्द घुसवतो : 'डिस्टॉर्शन'. रॉक गिटारच्या त्या फाटक्या आवाजाला मराठीत सगळे 'खरखर' म्हणतात, म्हणजे बिघाड. पण रॉकवाल्यांनी तो मुद्दाम मिळवलाय. १९६४ साली 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने 'यू रिअली गॉट मी'साठी ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने कापला. आवाज फाटावा हाच हेतू.

आपल्याकडे मुद्दाम आणलेल्या अशा भणभणाटाला शब्द आहे, जवारी. तानपुऱ्याची घोडी सपाट दिसते पण तिला बारीक उतार असतो, तार तिच्यावर घासत थरथरते, आणि जीव म्हणून जो दोरा घालतात तो मागेपुढे सरकवून तो भणभणाट जमवतात. तो नसेल तर तानपुरा मुका. खुली जवारी, बंद जवारी असे भेदही तयार आहेत. रॉक गिटारवाल्या हेन्ड्रिक्सची जवारी खुली, असं म्हटलं की एका वाक्यात काम होतं.

ठेकेदार, अमळनेर :
तानपुरेवाले मारतील तुम्हाला. जवारीने सूर भरतो, त्यातले बारीक स्वर उमलतात. डिस्टॉर्शन तो सूर ठेचतो.

केळीबाग, रावेर :
ठेचला तरी त्यातून वरचे स्वर बाहेर पडतातच, म्हणून तर एक तार वाजवली तरी तिघं वाजवतायत असं वाटतं. कारण वेगळं, पण कानाला हवं ते एकच. तानपुरेवाल्यांना मी भरीत-भाकरीला बोलावून समजावीन.

तापीकाठ, भुसावळ :
जाता जाता, 'चढा' हा शब्दही यादीत घ्या. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ साली निघाली. २ मार्चच्या सत्रात टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर रेकॉर्डची पहिली बाजू थोडी चढी लागायची. पेटीवर साथ धरायला गेलात तर पट्टी जुळत नाही, काळी आणि पांढरीच्या मधेच कुठेतरी अडकते. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत ते दुरुस्त केलं. जुन्या कानांना मात्र ती चढी बाजूच खरी वाटते. जुनी सुई, तुमच्याकडे कुठली आहे?

जुनी सुई, जळगाव :
दुरुस्त केलेली. 'सो व्हॉट'च्या सुरुवातीला पॉल चेंबर्सचा बास विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात, तो सवालजवाब उतरल्या पट्टीत जास्त निवांत लागतो असं माझं मत. चढी आवृत्ती कुणाकडे असेल तर घेऊन या, दोन्ही लागोपाठ लावून बघू.