मदत हवी आहे: म्हशी रक्त देतात, माणसं देत नाहीत (तबेला, ब्रुसेला आणि माझा अडकलेला प्रबंध)

गमबूट

मंडळी, थोडी लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी एम.व्ही.एस्सी. करतेय. विषय पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य, प्रबंध ब्रुसेला जंतूमुळे होणाऱ्या ब्रुसेलोसिसवर. म्हणजे आपल्याकडे ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात तो. म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार (गर्भाभोवतीची झिल्ली) अडकते, आणि ती वार उघड्या हाताने ओढून काढणाऱ्या माणसाला काही आठवड्यांनी ताप धरतो. त्याचा आणि त्या म्हशीचा संबंध कुणी जोडत नाही. म्हणून म्हशींचं आणि त्यांच्यात राहणाऱ्या माणसांचं रक्त एकाच वेळी तपासायचं, असा माझा आराखडा. जनावरांसाठी एक एथिक्स कमिटी, माणसांसाठी दुसरी. दोन्हीकडच्या मंजुऱ्यांत सात महिने गेले, पण मिळाल्या.

पश्चिम उपनगरातल्या तीन तबेल्यांत काम चालू केलं. म्हशींचं काम दृष्ट लागावी असं झालं. दुपारच्या धारेआधी जायचं, दोघांनी मान वर धरायची, मी गळ्याची शीर अंगठ्याने दाबली की ती दोरीएवढी फुगून वर येते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत लिहायचा, नळी बर्फाच्या डब्यात. तबेल्यातली माणसंच म्हशी धरायची, मधूनमधून माझी फिरकी घ्यायची. दोन दिवसांत एका तबेल्यातल्या चाळीस म्हशी झाल्या.

तिसऱ्या दिवशी माणसांसाठीच्या नळ्या बाहेर काढल्या. रक्त घ्यायला लॅबचा टेक्निशियन बरोबर होता. पाच मिनिटांत तबेला रिकामा! एकाला पेंड आणायची आठवली, एकाला आंघोळ, एकाला गावाहून फोन. उरले फक्त खाटेवर बसलेले एक चाचा. म्हणाले, "भैंस का खून निकाला, उसको क्या दिया?"

मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी विचारलं, माझ्यात बीमारी निघाली तर शेठला सांगणार का? म्हटलं, नाही, फक्त तुम्हाला, आणि हॉस्पिटलात पाठवू. "कौन सा हॉस्पिटल? लाइन में कौन खड़ा रहेगा? दो बजे की धार कौन निकालेगा?"

माझ्या प्रोटोकॉलमध्ये वाक्य आहे: "पॉझिटिव्ह आढळल्यास सहभागी व्यक्तीस योग्य रुग्णालयात पाठवण्यात येईल." मीच लिहिलंय. कुठलं रुग्णालय, कुठला डॉक्टर, आठवड्यातला कुठला दिवस, याचा लिहिताना विचारसुद्धा केला नव्हता. समितीनेही विचारलं नाही, पण त्यांना कशाला दोष देऊ.

आजची स्थिती: अठरा माणसांपैकी दोघांनी होकार दिला, त्यातल्या एकाने रात्री फोन करून नाही म्हटलं. हातात नळी एक.

आता काय करू? पैसे देऊ का? शेठकडून सांगवू का, ते तयार आहेत. निकाल तिथल्या तिथे सांगता येईल का? आणि वाचता न येणाऱ्या माणसाला आमची चार पानी माहितीपत्रिका मी कशी समजावू? आमची मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांतरं वाचून मलाच झोप येते.

स्पष्टवक्ता

ताई, सरळ सांगतो. प्रबंध गुरांपुरता ठेवा. गाइडला सांगा शीर्षक बदला. पदवी घ्या, मोकळ्या व्हा. माणसांचं माणसांचे डॉक्टर बघतील.

गमबूट

माणसांचे डॉक्टर बघतच नाहीत, हाच तर विषय आहे. मुंबईत ताप म्हटलं की आधी मलेरिया, पावसाळा असेल तर डेंग्यू आणि लेप्टो. ते बरोबरही आहे. पण "तुम्ही म्हशींत काम करता का" हे कोण विचारतं?

बाराबैल

मी विचारणारा शोधत पाच महिने फिरलोय. सरकारी नोकरीत गुरांचा डॉक्टर होतो, आता निवृत्त.

एका गाईची वार काढत होतो, जवळपास तासभर. हातमोजे संपले होते, तसाच खांद्यापर्यंत हात घातला. बोटाला कापलेलं होतं. महिन्याभराने संध्याकाळी अंगात कसकस सुरू झाली. सकाळी ठणठणीत, दिवे लागले की ताप, रात्री गंजी पिळून काढावी इतका घाम. आधी मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग टायफॉइडच्या. नंतर कंबर इतकी धरली की मणक्याचा टीबी आहे म्हणून एक्स-रे काढले. डॉक्टर भला माणूस होता, पण मी काय काम करतो हे त्याने विचारलं नाही, आणि मी शहाण्याने सांगितलं नाही! वर्गात शिकलेला रोग स्वतःच्या अंगात ओळखू आला नाही. शेवटी मीच लॅबमध्ये जाऊन म्हटलं, ब्रुसेलाची तपासणी करा.

म्हणून माझा सल्ला असा, की रक्तापासून सुरुवात करूच नका, तापापासून करा. चहाला बसा आणि विचारा, संध्याकाळी अंग मोडून येतं का, रात्री घाम येतो का, कंबर-गुडघे धरतात का. वृषणाला सूज आली होती का हेही विचारायला हवं, पण ते तुमच्या टेक्निशियनला विचारू दे, तुम्ही बाजूला व्हा. ज्याला हे झालंय तो स्वतःहून बाही वर करेल.

आणि चाचांना उत्तर द्या ना. भैंस को क्या दिया? तिचा निकाल दिला का तुम्ही?

गमबूट

म्हशींचे निकाल शेठना कळवायचेत. माणसांना सांगायचं डोक्यातच आलं नाही. सर, तुमचं वाचून गप्प झाले.

रात्रपाळी

मी मायक्रोबायॉलॉजीची रेसिडेंट, पालिकेच्या एका रुग्णालयात. निकालाचं थोडं उलगडून लिहिते, कारण मला वाटतं गोंधळ तिथे आहे. "पॉझिटिव्ह" या एका शब्दात तुम्ही तीन वेगळी माणसं कोंबली आहेत.

तुमची 'रोज बेंगॉल' नावाची, रक्तातल्या ब्रुसेलाविरोधी प्रतिपिंडांची चाचणी ही चाळणी. ती पॉझिटिव्ह आली आणि नळीतल्या अ‍ॅग्लुटिनेशन चाचणीत काही निघालं नाही, तर तो पहिला माणूस. दुसऱ्या काही जंतूंमुळेही, उदाहरणार्थ येर्सिनियाच्या एका प्रकारामुळे, अशी फसगत होते. दुसऱ्यात दोन्ही पॉझिटिव्ह, पण त्याला ना ताप, ना दुखणं. तबेल्यात वर्षानुवर्षं राहिलेल्यांत असे निघणारच. अशांना सहसा औषध देत नाहीत, काही महिन्यांनी पुन्हा तपासतात आणि ताप आला तर लगेच या म्हणून सांगतात. तिसरा म्हणजे १:१६० किंवा त्याहून वरचा टायटर (सीरम किती पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते ते प्रमाण) आणि बरोबर ताप, घाम, सांधे. हा रुग्ण. याला डॉक्टर लागतो, तोही त्याच आठवड्यात.

उपचार साधारणपणे ६ आठवडे डॉक्सिसायक्लिन, जोडीला रिफॅम्पिसिन, किंवा रिफॅम्पिसिनऐवजी सुरुवातीला काही दिवस जेंटामायसिनची इंजेक्शनं. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध, त्यामुळे डॉक्टर आधी टीबी नाही ना याची खात्री करतील, करायलाच हवी. खरी अडचण पुढे आहे. दोन आठवड्यांत ताप जातो, माणसाला बरं वाटतं, गोळ्या बंद होतात, आणि रोग उलटतो. धार सोडून दर आठवड्याला ओपीडीत येणं जमणार नसेल तर ४२ दिवस पुरे कोण करवून घेणार, हे आधी ठरवा. फिजिशियन गाठा, आठवड्यातला दिवस ठरवा, त्यांना सांगून ठेवा. "योग्य रुग्णालय" हे शब्द खोडा.

बाराबैल

सगळं मान्य. पण निकाल तिथेच द्यावा असं माझं मत. काचेवर सीरमचा थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा थेंब, काडीने मिसळून हलवलं की चार मिनिटांत दाणे दिसतात. माणूस समोर उभा आहे, त्याला महिनाभर ताटकळत ठेवणार?

रात्रपाळी

सर, चार मिनिटांत दाणे दिसतात, निदान दिसत नाही. तबेल्यात सगळ्यांसमोर एकाच्या काचेवर दाणे आले की संध्याकाळपर्यंत ते शेठना कळलेलं असेल. मग चाचांना दिलेल्या शब्दाचं काय? रक्त घेताना चिठ्ठीवर तारीख लिहून द्या आणि त्या तारखेला एकेकट्याला सांगा. दहा दिवस म्हटलं तर दहाच.

बाराबैल

सगळ्यांसमोरचा मुद्दा लक्षात आला नव्हता. माघार.

लालबागकर

थोडं अवांतर, पण चालेल. हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, १० जानेवारी १८९७ ला, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले, हेही सांगतो. तुरुंगातली स्वेच्छा म्हणजे काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मालकाच्या हाताखालच्या माणसांनाही जपून वागवायचा गट मानलंय. शेठनी "अरे, दे रे रक्त" म्हटलं की तुम्हाला एका दुपारी अठरा नळ्या मिळतील आणि त्यातली एकही खऱ्या होकाराची नसेल. शेठ नसताना जा.

पैशांचंही तेच. बुडालेली मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च देता येतो, पण त्याचा आकडा समितीकडून मंजूर करून घ्या. नाही म्हणायला जड जाईल इतका नको.

आजोबा म्हशीखालचं धारोष्ण दूध पितळी लोट्यातून प्यायचे, नव्वदी गाठली. हे वाचून त्यांना ताप येत होता का, हे आता आईला विचारणार आहे.

गमबूट

@लालबागकर, धारोष्ण दुधाचा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत आहे! तबेल्यात निम्मी मंडळी तसंच पितात. उकळलं की प्रश्न मिटतो, पण "उकाळके क्या मजा" असं ऐकायला मिळतं. शेठकडून सांगवण्याचा विचार सोडला.

सरासरी

नमुना किती धरलाय? बाधितांचं प्रमाण २० टक्के आणि चूक ५ टक्के धरून नमुन्याच्या सूत्रात २४६ येतात. बहुतेक प्रबंधांत हाच आकडा डोळे मिटून छापतात. तुमच्या तिन्ही तबेल्यांत मिळून माणसंच किती?

गमबूट

दीडशेच्या आसपास. आणि हो, २४६ च लिहिलंय. हसू नका.

सरासरी

दीडशे माणसांतून २४६ जणांचं रक्त, वा! मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती लावा: २४६ भागिले (१ + २४५/१५०). ९४ पुरतात. मात्र एका तबेल्यातली माणसं एकाच म्हशींच्या संपर्कात असतात, त्यामुळे ते ९४ पूर्ण स्वतंत्र नाहीत, विश्लेषणात तबेला हा गट म्हणून धरा. दुसरं म्हणजे, ज्याला ताप येऊन गेलाय तोच बाही वर करणार असेल, तर तुमचं प्रमाण फुगेल. बाराबैल सरांचा सल्ला माणूस म्हणून उत्तम, आकड्यांसाठी घातक. नाही म्हणणाऱ्यांची संख्या आणि त्यांना ताप आला होता का, एवढं तरी त्यांच्या परवानगीने नोंदवा.

लालबागकर

माहितीपत्रिकेचं राहिलंच. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, त्याच्यासमोर पूर्ण वाचून समजवायचं, मग अंगठा आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार शेठचा मुनीम नको. आणि ती पत्रिका आधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ऐकणारा मोबाइल काढेल तिथे वाक्य तोडा.

गमबूट

तीन आठवड्यांनी लिहितेय.

प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती केली, समितीने मान्य केली. "योग्य रुग्णालय" गेलं, त्या जागी एका फिजिशियनचं नाव आणि गुरुवार सकाळ आली. सकाळ अशासाठी, की पहाटेची धार उरकलेली असते आणि दुपारची व्हायची असते. हे मला चाचांनीच सांगितलं. चार पानांची पत्रिका दीड पानावर आली, हिंदी आमच्या टेक्निशियनने सरळ केली, तो जौनपूरचा आहे. साक्षीदार म्हणून नाक्यावरचे चहावाले तयार झाले.

आधी म्हशींचे निकाल घेऊन गेले. शेठना दिले, आणि त्यांना विचारूनच माणसांनाही सांगितले. चाळीसपैकी तीन म्हशी पॉझिटिव्ह. कुठल्या, हे सांगायच्या आधीच चाचांनी त्यातल्या दोन बोटाने दाखवल्या. दोघींची वार त्यांनीच काढली होती. मी बरोबर नेलेला खांद्यापर्यंतच्या हातमोज्यांचा खोका त्यांनी मागून घेतला आणि खाटेखाली सरकवला.

मग शेठ दुकानावर गेल्यावर बसलो. अठरापैकी अकरा जणांनी रक्त दिलं, पाच जणांनी नाही म्हटलं, दोघं गावी गेलेत. नाही म्हणणाऱ्या पाचांपैकी चौघांनी तापाचं सांगितलं, ते सरासरींच्या सांगण्याप्रमाणे लिहून घेतलंय.

चाचांनी सगळ्यात शेवटी हात पुढे केला. नळीवर नाव लिहू का नंबर, विचारलं. म्हणाले, "नंबर. भैंस का भी नंबर ही है ना." त्यांच्या चिठ्ठीवर पुढच्या मंगळवारची तारीख आहे.

आता एकच विचारायचंय. मंगळवारी मी सांगायला जाणार, पण ओपीडी गुरुवारी. कुणाचा निकाल तिसऱ्या प्रकारातला निघाला तर मधले दोन दिवस काय?

रात्रपाळी

ताप जोराचा असेल, मान आखडली असेल किंवा धाप लागत असेल तर गुरुवारची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला न्या आणि केसपेपरवर "म्हशींच्या तबेल्यात काम, वार काढली" हे शब्द लिहून घ्या. बाकीच्यांना दोन दिवसांनी काही बिघडत नाही, फक्त मधे कुणी मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणून घेऊ नयेत. फिजिशियनना सोमवारीच फोन करून ठेवा.