लिनक्स एवढं वाढलं, मग फ्रीबीएसडी शिकायचं कशाला?

रामबागकर:
माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, इंदूरात भंवरकुआँजवळ खोली घेऊन राहतो. सध्या रात्रंदिवस फ्रीबीएसडीत डोकं घालून बसलाय; तीही लिनक्ससारखीच, युनिक्स या जुन्या सिस्टिमच्या वळणाची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. माझं म्हणणं, हाच वेळ लिनक्सला द्यावा. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. वेबसाइटवरची वर्दळ मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या हिशोबाने फेब्रुवारी २०२४ मध्ये डेस्कटॉपवरही लिनक्सने जगभरात ४ टक्के ओलांडले. भारतात तर त्या वर्षी १५ टक्क्यांच्या आसपास होतं. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत मुलाखतीला गेल्यावर फ्रीबीएसडी कोण विचारणार? ज्याला खोडायचंय त्याने खुशाल खोडावं.

सिल्व्हर मॉलवाला:
काका, ते १५ टक्के आमच्या दुकानात तरी आले नाहीत. उबुंटूवाला, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार घातलेला, लॅपटॉप स्वस्त पडतो म्हणून गिऱ्हाईक तो निवडतं आणि लगेच म्हणतं, "भिया, विंडोज डाल के ही देना." स्टॅटकाउंटर माणसं मोजत नाही. त्यांचा कोड ज्या साइटवर आहे तिथली पानं किती वेळा उघडली ते मोजतं, आणि ब्राउझर स्वतःबद्दल जे सांगेल ते खरं धरतं. पानं उघडत बसणारे प्रोग्रॅम ते गाळतात म्हणे, पण सगळे कसे गाळणार?

जागता डिमन:
आणि जिथे ब्राउझरच नाही, त्याचं काय? नेटफ्लिक्सचा व्हिडिओ घरोघरी पोचवणारे त्यांचे स्वतःचे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. २०२१ मध्ये त्यांनी एका सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट काढून दाखवले. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडीतूनच निघाली. मॅकओएसमध्येही त्याचे भाग आहेत. यातलं काहीही तुमच्या तक्त्यात फ्रीबीएसडीच्या नावावर जमा होत नाही.

रामबागकर:
व्हॉट्सॲपचं नाव बरं सोयीस्कर विसरलात! २०१२ मध्ये फ्रीबीएसडीच्या एका सर्व्हरवर २० लाख जोडण्या पेलल्या म्हणून तुमच्या मंडळींनी केवढी मिरवणूक काढली होती. २०१४ ला फेसबुकने कंपनी घेतली आणि पुढे तो सगळा कारभार लिनक्सवर गेला. काम उत्तम करत असूनही गेला. का? कारण बाकीचं घर लिनक्सचं होतं. बाजारातला वाटा म्हणतात तो हाच.

लोकमान्यनगरची:
फ्रीबीएसडी मागे का पडलं तेही बघा की. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीवाल्यांवर (बीएसडी म्हणजे युनिक्सचं ते रूप, ज्यातून फ्रीबीएसडी निघालं) दावा ठोकला, तो १९९४ च्या सुरुवातीला मिटला. नेमक्या त्याच काळात लोक घरच्या ३८६ चिपच्या पीसीवर टाकायला फुकटचं युनिक्स शोधत होते. त्या पीसीसाठीचं बीएसडी, म्हणजे ३८६बीएसडी, आधी हाती आलं असतं तर लिनक्स बहुधा झालंच नसतं, हे खुद्द लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स बोललेत. गुणवत्तेचा निकाल लागलाच नाही, कोर्टकचेरीत गाडी चुकली.

जीपीएलभक्त:
ताई, दावा मिटून तीस वर्षं झाली! अजून तेच रडगाणं? खरी गोम परवान्यात आहे. बीएसडीचा कोड कोणीही घ्यावा, बंद डब्यात घालून विकावा, परत काही देण्याची सक्ती नाही. लिनक्सचा परवाना जीपीएल; त्याखालचा बदललेला कर्नल इतरांना वाटला की बदलही उघडे करावे लागतात. म्हणून चिपवाल्यांचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, लिनक्सच्या झाडात (मूळ कोडच्या संग्रहात) साठत गेले. आज फ्रीबीएसडीला लॅपटॉपच्या वाय-फायसाठी लिनक्सचेच ड्रायव्हर जुळवून घ्यावे लागतात.

जागता डिमन:
आणि तुम्ही रोज ज्या ओपनएसएसएचने सर्व्हरवर शिरता ते कोणाचं? ओपनबीएसडीचं, फ्रीबीएसडीच्या भावंडाचं. तेव्हा परवाना आडवा आला नाही वाटतं. शिवाय वाटा मोठा म्हणजे निर्धास्त, असंही नाही. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचं फुकट रूप असलेलं सेंटओएस किती ठिकाणी होतं! सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की २०२१ अखेर तो बंद.

रामबागकर:
बंद झालं तर त्याच्या जागी रॉकी आणि अल्मा हे लिनक्स उभे राहिले ना? उभं करायला माणसं होती म्हणून. तुमच्याकडे तेवढी माणसं आहेत का?

भाचा:
मामा, ओळखलंत ना? कर्नल आणि त्यासोबतची मूळ साधनं फ्रीबीएसडीत एकाच झाडात मिळतात, म्हणून नेटवर्कचा कोड त्यात वाचतोय. सॉकेट आणि टीसीपी, म्हणजे नेटवर्कवर प्रोग्रॅम एकमेकांशी कसे बोलतात ते, आतून कळलं की लिनक्सचं काय विचारायचं ते विचारू देत.

रामबागकर:
ओळखलं. वाच, वाच. पण इंदूरात फ्रीबीएसडीसाठी पगार देणारा एक तरी दाखव.

सिल्व्हर मॉलवाला:
त्याला कशाला, मीच सांगतो. गीताभवनकडच्या कोचिंगवाल्यांकडे मी पीएफसेन्सची फायरवॉल बसवतो, ती फ्रीबीएसडीवरच चालते. बिलावर नुसतं 'फायरवॉल' लिहितो, मालकाला नावाशी घेणंदेणं नाही. वर्षाचं मेंटेनन्सही मिळतं. सुट्टीत पोराला पाठवा माझ्याकडे, मात्र पोह्यांचे पैसे वेगळे मिळणार नाहीत.

जीपीएलभक्त:
म्हणजे अख्ख्या इंदूरात एक दुकान!

सिल्व्हर मॉलवाला:
एकच असेल तर मग बरंच आहे की, भिया. भाव मीच ठरवीन.