मदत हवी आहे: रविवारी डेटा सायन्सचा मीटअप आणि वक्त्यांनी ऐनवेळी नाही म्हटलंय

नीलमोहोर
जरा लवकर सांगा, वेळ कमी आहे. आमचा महिन्याचा मीटअप या रविवारी आहे. जे बोलणार होते त्यांचा आज सकाळी निरोप आला, जमत नाही म्हणून. पहिल्या वेळी ४३ जण आले होते, दुसऱ्या वेळी ७. तिसऱ्यांदा वक्ताच नाही म्हटल्यावर हे बंदच पडणार. कोणी दोन तास बोलायला येईल का? नाहीतर वक्त्याशिवाय काय करता येईल ते सांगा. पुढे ढकला असं कृपया सुचवू नका.

बाणेरवाला
रविवारी मोकळा आहे. ट्रान्सफॉर्मरवर बोलतो, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मॉडेलच्या आतली रचना, अगदी अटेन्शन या तिच्या मूळ कल्पनेपासून. स्लाइड तयारच आहेत. कुठे आहे, हिंजवडी की डेक्कन?

आकडेमोड
गाव लिहिलेलं नाही. येणारे विद्यार्थी की नोकरी करणारे? लॅपटॉप किती जणांकडे असतात? नेट आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

नीलमोहोर
कोल्हापूर. विद्यार्थीच जास्त. जागा वाचनालयाची वरची खोली, फुकट मिळते पण ७ वाजता कुलूप लागतं. ५ला सुरू.

बाणेरवाला
अरे, कोल्हापूर. मग येऊन जाऊन जमणार नाही. ऑनलाइन बोलतो, प्रोजेक्टर लावा.

विदागार
बाणेरवाला, मनापासून सांगतो, ऑनलाइन नको. आम्ही नाशिकला वर्षभर ते करून बघितलं. पडद्यावरचा माणूस बोलत राहतो, खोलीतले मोबाइल काढतात आणि शेवटी प्रश्न कोणीच विचारत नाही. प्रश्न विचारण्यात रस नसलेल्याला घरबसल्या व्हिडिओ आहेतच की. खोलीत यायला वेगळं कारण लागतं.

बाणेरवाला
सगळीकडे तसं नसतं. मी बोललो तिथे तासभर प्रश्न चालले होते. वक्ता कसा आहे यावर ते ठरतं.

टोरांटोकर
ताई, वक्ता हवाच कशाला? इथे आम्ही पाच-पाच मिनिटांची भाषणं ठेवतो, लाइटनिंग टॉक. पायकॉनमध्ये, म्हणजे पायथन भाषा वापरणाऱ्यांच्या संमेलनात, हा प्रकार जुना आहे. सहा जण उभे राहिले तरी अर्धा तास गेला. आणि पुढेमागे पायडेटाचा, म्हणजे डेटावाल्यांच्या जगभरच्या गटांच्या जाळ्याचा, चॅप्टर (स्थानिक शाखा) म्हणून नोंदणी करा. न्यूमफोकस ही ना-नफा संस्था त्याच्या पाठीशी आहे, गावोगावचे गट मात्र स्वयंसेवकच चालवतात.

आकडेमोड
चॅप्टर रविवारपर्यंत होणार नाही, दादा. आणि दुसऱ्या वर्षाची पोरं चार दिवसांत पाच मिनिटं बोलायला उभी राहतील असं वाटत नाही. ताई, ४३चे ७ कशाने झाले? दोन्ही वेळी विषय काय होता? ते कळलं नाही तर तिसऱ्या वेळी पुन्हा तेच.

नीलमोहोर
पहिला ‘डेटा सायन्समधलं करिअर’. दुसरा न्यूरल नेटवर्कचं गणित. हो, पहिल्या वेळी कॉलेजनं प्रमाणपत्र दिलं होतं.

आकडेमोड
मग कोडं सुटलं.

सांगलीवाडी
प्रमाणपत्र द्या की मग! त्यात वाईट काय? आमच्याकडं पोरांना फाइलला लावायला कागद लागतो. कागदासाठी आलेल्या चाळीसातली पाच टिकली तरी खूप झालं.

विदागार
अजिबात नको. कागदासाठी आलेला मुलगा सही झाली की उठतो आणि त्याच्याबरोबर शेजारचाही उठतो. आलेल्या सातांना विचारा, का आलात. तो तुमचा खरा गट.

सांगलीवाडी
नाशिकात तुम्हाला परवडतं तसं बोलायला. इथं सात माणसं बघून वाचनालयवाले पुढच्या वेळी खोली देणार नाहीत.

नवशिका२३
मी बी.कॉम. केलंय. डेटा सायन्समध्ये सुरुवातीला पगार किती मिळतो? कोल्हापुरात क्लास कुठला चांगला?

आकडेमोड
नवशिका, वेगळा धागा काढा, तिथे नक्की सांगू.
ताई, माझं मत ऐका. भाषण नकोच. एक स्थानिक डेटा घ्या आणि सगळ्यांनी मिळून तोच सोडवा. शिकवताना नेहमी वापरतात त्या टायटॅनिकच्या प्रवाशांच्या ८९१ ओळी नकोत आणि १९३६ सालची आयरिसची १५० फुलंही नकोत, प्रत्येकानं ती दहादा पाहिलीत. कोल्हापूरचं काय आहे तुमच्याकडे? ऊस, गूळ, काहीही?

नीलमोहोर
पंचगंगेची पातळी आहे. बाबा २०१५पासून दर पावसाळ्यात रोज सकाळची राजाराम बंधाऱ्याची पातळी वहीत लिहितात. आमचं घर नदीकाठच्या चिखलीत.

आकडेमोड
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय!

नीलमोहोर
ती साधी वही आहे हो. पावसाळ्यात इकडं घरोघरी हेच बोलणं असतं, ३९ फुटांवर इशारा, ४३वर धोका. ह्यात डेटा सायन्स काय?

विदागार
संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९२०च्या दशकात ओडिशाच्या आणि उत्तर बंगालच्या पुरांच्या जुन्या नोंदींवरच काम केलं होतं. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्यानंतरची, १९३१ची. त्यांच्या जन्मदिवशी, २९ जूनला, आपण सांख्यिकी दिन पाळतो. पुराची वही ही आपल्याकडची फार जुनी सुरुवात आहे, ताई.

बाणेरवाला
पातळीवर एलएसटीएम लावा, ओळीनं येणाऱ्या आकड्यांसाठीचं न्यूरल नेटवर्क. मी कोडचं नोटबुक पाठवतो.

आकडेमोड
आधी एलएसटीएम नको. पहिला अंदाज फुकटचा: उद्याची पातळी आजच्याइतकीच. तो मांडा, चूक किती येते ते फळ्यावर लिहा, मग बाकीच्यांनी तो हरवून दाखवायचा. भलेभले हरतात तिथे. आणि ओळी पत्त्यांसारख्या पिसून ट्रेन-टेस्ट (काही ओळींवर मॉडेलला शिकवायचं, उरलेल्यांवर तपासायचं) करू नका. टेस्टमधल्या दिवसाचा आदला आणि नंतरचा दिवस ट्रेनमध्ये बसला की गुण भरपूर मिळतात आणि खऱ्या पुरात त्यांचा काही उपयोग होत नाही. वर्षावरून तोडा. २०१९च्या आधीचं शिकवायचं, २०१९ विचारायचं.

बाणेरवाला
हे मान्य. मग रँडम फॉरेस्टही (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढणारं मॉडेल) लावून दाखवा. शिकवताना जेवढी उंची पाहिली त्याच्यावरची उंची त्याला सांगताच येत नाही. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. आलेख कुठे सपाट होतो ते पोरांना डोळ्यांनी दिसेल.

पाटबंधारे_निवृत्त
मी संगणकातला नाही, मुलाच्या नावावरून लिहितोय. एक गोष्ट तुमच्यापैकी कोणी विचारली नाही. राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरेपर्यंत पाऊस आत साठतो. भरलं की दरवाजे आपोआप उघडतात आणि तोच पाऊस थेट भोगावती नदीतून खाली पंचगंगेत येतो. म्हणजे जूनच्या पावसाचा आणि ऑगस्टच्या पावसाचा नदीवर परिणाम सारखा नसतो. नुसत्या पातळीच्या वहीतून हे कसं कळणार? किती दरवाजे उघडे तेही लिहा. वर्तमानपत्रात रोज येतं. कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी वेगळं धरावं.

आकडेमोड
काका, तुम्ही रविवारी कोल्हापुरात आहात का?

पाटबंधारे_निवृत्त
मी ताराबाई पार्कात राहतो. जिना फार नसेल तर येईन.

नीलमोहोर
एकच मजला आहे काका, कठडा पण आहे. मी खाली उभी राहते.

सांगलीवाडी
आमच्या आयर्विन पुलाचे आकडे पण घ्या की, कृष्णेचे. ४०ला इशारा, ४५ला धोका. सांगलीला कोण विचारतच नाही.

टोरांटोकर
एक शंका. ‘ओव्हरफिटिंग’ला, म्हणजे मॉडेल जुना डेटा पाठ करतं आणि नव्यावर चुकतं त्याला, मराठीत काय म्हणणार? मुलांशी मराठीतच बोला, असं मला फार वाटतं. मी ‘अतिजुळणी’ म्हणतो.

विदागार
‘घोकंपट्टी’ म्हणा, सगळ्यांना लगेच कळतं.

बाणेरवाला
इंटरव्ह्यूत घोकंपट्टी कोण विचारणार? इंग्रजी शब्दच राहू द्या.

टोरांटोकर
दोन्ही सांगता येतात की. समजायला एक आणि इंटरव्ह्यूला एक.

नीलमोहोर (सोमवार)
सगळ्यांचे आभार. १६ जण आले. प्रमाणपत्र दिलं नाही. मागच्या सातांपैकी सहा होते, बाकीचे त्यांचे मित्र, दोघं चिखलीचे आणि काका. लॅपटॉप पाचच निघाले, म्हणून गट केले. वहीची पानं वाटून टाइप करण्यातच पहिला तास गेला. मग काकांनी फळ्यावर धरण काढलं आणि दरवाजे दाखवले, तेव्हा खोली अगदी शांत होती. मॉडेलपर्यंत पोचलोच नाही. ७ला कुलूप लावायला आले तेव्हा आम्ही ‘उद्या आजच्याइतकीच’ याचीच चूक मोजत होतो. पाणी चढताना ती सारखी एकाच बाजूला, कमी, येत होती आणि हे एका मुलीनं स्वतः ओळखलं. बाबाही आले होते, मागं बसले. वही परत घेताना म्हणाले, पुढच्या वर्षीपासून दरवाजेही लिहितो.

आता अडचण वेगळी आहे. बाबा ४३ फूट २ इंच हे ४३.२ असं लिहितात आणि ४३ फूट १० इंच हे ४३.१० असं. शीटमध्ये ४३.१०चं ४३.१ झालं, म्हणजे दहा इंचांचा एक इंच. आता कुठला १ खरा आणि कुठला १०चा, कसं ओळखू? चार पावसाळे टाइप झालेत.

आकडेमोड
शीटवरून ओळखता येणार नाही, वहीच उघडावी लागेल. संशयित दिवस तेवढे काढा: दशांशानंतर १ असलेले. फूट आणि इंच दोन वेगळे रकाने करा आणि वहीतून भरा. पुढच्या महिन्याची सुरुवात यानेच करा, १६ जणांत पटकन होईल.

पाटबंधारे_निवृत्त
आमच्या नोंदवहीत फूट आणि इंच वेगळेच लिहायचो. पुढच्या वेळी मीही येतो, चष्मा बदलून आणतो.