मदत हवी आहे: रात्रीच्या डायव्हिंगसाठी टॉर्च कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. रात्रीच्या डायव्हिंगसाठी टॉर्च घ्यायचा आहे, पण झोत कसला हवा इथेच गाडी अडली आहे. मागच्या वेळी उसना आणलेला रुंद झोताचा टॉर्च होता. पाणी जरा गढूळ, त्यामुळे समोर नुसते पांढरे कण चमकत राहिले. कपारीतला खेकडा जोडीदाराने बोट दाखवलं तेव्हा कुठे दिसला. म्हणून आता 10 अंशांच्या आतला अरुंद झोत, 1000 ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) आसपास, असं मनात आहे. 18650 सेलचा घ्यावा की त्याहून मोठ्या 21700 चा (हे रिचार्जेबल बॅटरीचे आकार)? दुसरा जास्त वेळ चालतो, पण हाताला जड होतो का? जाड हातमोजे घातल्यावर सरकता चुंबकी स्विच बरा की दाबायचा? बॅकअपला छोटा टॉर्च घेणारच आहे, त्यात तडजोड नाही. स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा.