मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या नवीन टँकमध्ये तपकिरी शेवाळ

ठाणेकर_रीफ:
वाळू, दगड, काच, सगळं तपकिरी झालंय. दुपारी काढलं की रात्रीपर्यंत परत हजर. शेवाळ मारायचं खात्रीचं औषध सांगा. अर्जंट.

टीडीएस_शून्य:
औषध नंतर. टँक किती लिटरचा, किती जुना, पाणी कुठलं, दिवे किती तास, नायट्रेट-फॉस्फेट किती? फोटो पांढऱ्या प्रकाशात काढा, निळ्यात सगळं सारखंच दिसतं.

गोडेपाणीवाला:
दोन सकर मासे सोडा, काच चाटून लख्ख.

टीडीएस_शून्य:
अहो, शीर्षक तरी वाचा! खाऱ्या पाण्यात सकर जगत नाही.

ठाणेकर_रीफ:
१५० लिटर, पाचवा आठवडा. पाणी आरओचंच. दिवे १० तास. फोटो टाकलाय.

प्रवाळवेडा:
डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. नवीन टँकला येतातच. पाण्यातलं सिलिकेट त्यांना लागतं, ते संपलं की आपोआप जातात. दिवे ६ तासांवर आणा आणि हात लावू नका.

टीडीएस_शून्य:
संपेल कसं? आरओ स्वयंपाकघरातला असणार. त्यात बऱ्याचदा चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलरमधून कच्चं, न गाळलेलं पाणी मिसळलेलं असतं, म्हणजे दर वेळी नवं सिलिकेट. तो बंद करा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडा. मीटरवर ० आलं म्हणून निर्धास्त राहू नका. रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी निसटतं आणि टीडीएस मीटरला ते जवळजवळ दिसतच नाही.

कोकणकिनारा:
एवढा खटाटोप कशाला? अलिबागहून भरतीचं पाणी आणा चार कॅन.

प्रवाळवेडा:
पावसाळ्यात? किनाऱ्याजवळ सॅलिनिटी पार खाली, वर नाल्यांचं पाणी. टँकला लागणारं १.०२५ विशिष्ट गुरुत्व गाठायला मीठ घालावंच लागेल. आणि येताना प्रवाळाचा दगड उचलू नका, कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.

भिंगवाला:
पाण्यावरून भांडताय, फोटो कुणी पाहिला का? शेंबडासारखे धागे आणि टोकाला बुडबुडे आहेत. डायटम असे नसतात, ते कोरड्या धुळीसारखे बसतात. सकाळी दिवे लागण्याआधी कमी दिसतं का? टेस्टचे आकडे अजून आलेले नाहीत.

ठाणेकर_रीफ:
हो, सकाळी वाळू बऱ्यापैकी स्वच्छ असते. नायट्रेट ०, फॉस्फेट ०. फॉस्फेट रिमूव्हर पहिल्या दिवसापासून चालू आहे. शेवाळ खायला गोगलगायी मागवल्यात.

भिंगवाला:
हे आधी सांगायचं ना! बहुतेक डिनोफ्लॅजेलेट (डिनो), म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव. शून्य-शून्य पाण्यात त्यांच्याशी स्पर्धा करणारे जिवाणू आणि शेवाळ उपाशी राहतात, यांना रान मोकळं. खात्री करा: थोडा चिकटा टँकच्याच पाण्यात बाटलीत जोरात हलवा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा, खाली आलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पुन्हा गोळे, धागे जमले तर डिनो.

तसं निघालं तर रिमूव्हर काढा, पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणा. कोरडे दगड सुरुवातीला फॉस्फेट शोषतात, म्हणून रोज मोजा. गोगलगायी थांबवा, काही डिनो विषारी असतात, खाल्ले तर त्या मरतील.

गोडेपाणीवाला:
नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट. झाडांच्या टँकला आम्ही तेच देतो. कृषी केंद्रात १३:००:४५ नावाचं खत म्हणून मिळतं.

टीडीएस_शून्य:
सकरनंतर ही बरी सूचना. पण खताची शुद्धता कशी मोजणार? लॅब ग्रेड घ्या. दगड-वाळू वजा जाता १२५ लिटर धरले तर १ ग्रॅमने नायट्रेट जवळपास ५ पीपीएम वाढतं.

प्रवाळवेडा:
तरी मला डायटमच वाटतात. तीन दिवस अंधार करून बघा.

भिंगवाला:
अंधाराने दबतील, पण आकडे शून्यच राहिले तर परत येतील.

ठाणेकर_रीफ:
गाळून ठेवलं होतं, धागे परत जमले. पाण्यातले जीव मारणारा यूव्ही दिवा घेऊ का? किती वॅट?

भिंगवाला:
आधी ४०० पट दाखवणारा मायक्रोस्कोप मिळवा. डिनोचे प्रकार वेगवेगळे: ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतं, त्याला यूव्ही लागू पडतो. अँफिडिनियम वाळूतच बसून राहतं, त्याला यूव्ही पोचतच नाही. नमुना वाळूच्या वरच्या थरातला घ्या आणि फोटो इथे टाका. वॅटचं त्यानंतर.