मोठा निर्णय कसा घेतलात? (अनुभव धागा)

काल भाच्याच्या अकरावीवरून घरात रणकंदन. दादा आधी बोलला, मग बाकीचे त्याचीच री ओढत बसले. आई आठवली. सोलापूरचं घर विकून पुण्याला यायचं का, हे ठरवताना तिने कोणाला तोंडच उघडू दिलं नाही. आधी चिठ्ठीवर मत आणि एक कारण, चिठ्ठ्या पोळ्यांच्या डब्यात. आजोबांची सगळ्यात शेवटी वाचली. एरवी त्यांच्यापुढे कोण बोललं असतं? घर विकलं नाही, भाड्याने दिलं. तुमच्याकडे कसं ठरतं?

कडूकारलं: अक्षर ओळखू येतं की!

धागाकर्ती: डाव्या हाताने लिहायला लावलं होतं 😄

काळीमाती: आमचं सोयाबीन अजून घरातच. २०२१ च्या पावसाळ्यात क्विंटलला दहा हजाराच्या घरात गेलेला भाव आबांच्या डोक्यातून जाईना. २०२४-२५ ला हमीभाव ४८९२, बाजार त्याच्याही खाली. शेवटी विचारलं, आज हातात पैसे असते तर या भावाने सोयाबीन विकत घेऊन साठवलं असतं का? म्हणाले, येडा हाय का! दुसऱ्या दिवशी अर्धं विकलं. उरलेल्यावर बोलणी चालू आहेत.

चहाबाज: डार्विनने १८३८ मध्ये लग्न करावं की नाही याचे दोन रकाने पाडले होते. बायको कुत्र्यापेक्षा तरी बरी, असंही लिहिलंय. पुढच्याच वर्षी लग्न, नंतर दहा मुलं. माणूस आधी ठरवतो, मग रकाने भरतो.

कडूकारलं: बायकोने वाचला का तो कागद?

मोगरा_७: भाऊ एमपीएससी. "एवढी वर्षं घातली, आता कसं सोडू" हे एकच पालुपद. त्याच्याच बॅचच्या मुलीने तयारी सुरू करतानाच लिहून ठेवलेलं, अमुक वयाला थांबायचं. थांबली, बँकेत लागली. हा अजून सदाशिव पेठेत. मी फोनवर विषय काढत नाही.

चहाबाज: नकाच काढू. जेवलास का विचारा.

दूरदेशी: मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइनची प्रीमॉर्टेम करून बघा. समजा वर्ष झालं आणि सगळं फसलं, तर का फसलं ते आजच लिहायचं. कॅनडाला यायच्या आधी आम्ही दोघांनी वेगवेगळं लिहिलं. मी थंडी, नोकरी वगैरे. नवऱ्याने एकच ओळ: आईचे गुडघे. तोवर या विषयावर अवाक्षर नव्हतं. ऑपरेशन उरकून मगच निघालो. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

मोगरा_७: @दूरदेशी दोन्ही गुडघे एकदम केले का? आईचं पुढच्या महिन्यात आहे, डॉक्टर एकदम करा म्हणतात.

दूरदेशी: एकेक केले. व्यनि (खाजगी निरोप) करते.